डाव्या बाजूची खुर्ची

बटण दाबलेलं नव्हतं. काचेपलीकडे वाचक बसला होता, समोर पुस्तकाचं पान, पानावर छोटा पिवळा दिवा. आणि काचेच्या अलीकडून मी त्याला म्हणाले की 'निर्धास्त'मधला र खाल्ला गेलाय, वाक्य पहिल्यापासून घ्या. माझं कामच ते आहे. बोलक्या पुस्तकांच्या स्टुडिओत मी छापील मजकूर समोर ठेवून ऐकत बसते आणि खाल्लेली, गिळलेली, घसरलेली अक्षरं पकडते. वाचकाने मान वर केली, माझे हलणारे ओठ पाहिले, छान हसला आणि "हो हो" म्हणाला. त्याचं हो हो त्याच्या माइकमधून माझ्या दोन्ही कानांत स्वच्छ आलं. मग त्याने पान उलटलं आणि तो पुढचं वाचू लागला. र राहिलाच. मी खाली पाहिलं. पलीकडे बोलायचं तर टेबलावरचं लाल बटण दाबून धरावं लागतं. माझं बोट बटणाच्या शेजारी, नुसत्या लाकडावर टेकलेलं होतं. म्हणजे त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. ऐकू गेलं नव्हतं म्हणूनच तर तो दोनदा हो म्हणाला होता. आणि त्याच क्षणी मला हॉस्पिटलमधली बाबांची कॉट दिसली. तिची उजवी बाजू भिंतीला होती.

"बाई, काय झालं? पांढऱ्याफटक पडलात," ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला. मी म्हणाले, काही नाही, र गेला. "र गेला तर एवढं? मागच्या महिन्यात अख्खं पान गेलं होतं, तेव्हा तुम्ही हूं की चूं केलं नाहीत." मग त्याच्याच काहीतरी लक्षात आलं असावं, कारण तो उगाच वायर गुंडाळायला लागला. मी म्हणाले, उद्यापासून मी नाही. "तुमची रजा आहेच की टाकलेली. तुम्हीच म्हणत होता रद्द करणार म्हणून." रजा मी रद्द केली नव्हती. गाडीची तिकिटंही नाही. कुठलीच गोष्ट रद्द करायला हात उचलत नव्हता, म्हणून सगळं जिथल्या तिथे पडून होतं आणि आता आयतं उपयोगी पडणार होतं.

बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. पंपांच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य चाचणीघरात गेलं. चालू इंजिनाच्या अंगाला लांब पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि आतलं बेअरिंग सुखी आहे की कुरकुरतंय ते ऐकायचं. उजवा हात झडपेवर लागे, म्हणून पेचकस डाव्या हातात. निवृत्त होईपर्यंत तो कान त्यांनी कारखान्याला देऊन टाकला होता. नस मेलीय, यंत्र लावूनही उपयोग नाही, असं कानाचे डॉक्टर म्हणाले तेव्हा बाबा म्हणाले, "बरं झालं, बायको त्याच बाजूला झोपते." आई तिथेच होती. तिने त्यांना चिमटा काढला, तोही डाव्या दंडाला. मला कळायला लागल्यापासून मी बाबांच्या उजवीकडे आहे. रस्त्यावर, जेवणाच्या टेबलाशी, नाटकाच्या खुर्च्यांत. आजही कुणाबरोबर चालताना माझं अंग आपोआप उजवीकडे सरकतं. एक मैत्रीण म्हणते, तुझ्याबरोबर चालणं म्हणजे हळूहळू गटारात जाणं. डावीकडून बोललं की बाबा "हो हो" म्हणत. उजवीकडून बोललेलं पोचलं की नुसतं "हं", एकदाच. घरात हे सगळ्यांना पाठ होतं. हो हो आलं की आई कमरेवर हात ठेवून विचारायची, "सांगा बघू, काय म्हटलं मी?" आणि बाबा थोडा विचार केल्यासारखं करून सांगायचे, "चहा." कायम चहा. एकदा आईने मुद्दाम डावीकडून विचारलं, "अहो, मी मेल्यावर दुसरं लग्न कराल का?" बाबा म्हणाले, "हो हो, पण अर्धाच कप." आम्ही दोघी इतक्या हसलो की बाबा शेवटी चिडले. पुढे कित्येक वर्षं घरात कशालाही नाही म्हणायचं असलं की आम्ही अर्धाच कप म्हणत असू.

हॉस्पिटलात त्या दिवशी मी सांगा बघू म्हणाले नाही. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या, डोळे तांबारलेले, गळ्यात कुणाचा तरी दुसऱ्याचा स्टेथोस्कोप. त्या म्हणाल्या, श्वास सुधारला नाही तर घशातून नळी घालावी लागेल, मग मशीन. घातली तर निघेलच असं सांगता येत नाही. ते शुद्धीवर आहेत तोवर त्यांनाच विचारा. खुर्ची डाव्या बाजूला होती. पलीकडे भिंत. खुर्ची असते तिथे माणूस बसतो. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, मुखवट्यातून हवेचा फसफस आवाज, पट्ट्यांनी डोकं असं करकचून धरलेलं की मान वळणार नाही. मी वाकून विचारलं, "बाबा, नळी घालायची म्हणताहेत. नको ना? पुरे ना आता?" मुखवट्याच्या आतून, धुक्यातून यावं तसं, पण स्वच्छ आलं: हो हो. "ऐकलं मी. हो म्हणाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आई पायाशी स्टुलावर बसून बाबांचे तळवे चोळत होती. तिने वर पाहिलं नाही. नळी घातली नाही. पहाटे बाबा गेले. लोकांना सांगताना मी सांगत आले की त्यांनी स्वतः ठरवलं, त्यांना विचारलं होतं. हे वाक्य मला काठीसारखं होतं. एवढे दिवस मी त्याच्यावर भार टाकून चालत होते, आणि आज दुपारी, एका खाल्लेल्या र-मुळे, काठी हातातच मोडली.

मी घरी गेले. म्हणजे माझ्या खोलीवर. दाराआड दोन पाठपिशव्या शेजारी शेजारी टेकून उभ्या होत्या, बाबांची आणि माझी. निवृत्तीनंतर बाबांनी एकच हौस धरली होती: रेल्वेचा फाटा जिथे संपतो तिथून डोंगरांच्या कण्यावरून थेट समुद्रापर्यंत जाणारी पाऊलवाट, महिनाभराची. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिथे एकही इंजिन नाही." तयारी म्हणून ते माझ्या इमारतीचा जिना पाठपिशवी लावून चढत-उतरत. वजनाला पिशवीत माझी पुस्तकं भरत. "मास्तरीणबाई, तुझी पुस्तकं पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला आली," असं जिन्यातूनच ओरडत, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून बघे की भांडण कुणाचं. पुस्तकांनी भरलेला तो माणूस धापा टाकत वर यायचा, दारात उजवा कान पुढे करून उभा राहायचा आणि विचारायचा, "काय म्हणतेस?" मी काही म्हणालेली नसे. पण त्यांना वाटे, वर पोचेस्तोवर मी काहीतरी बोलले असणार आणि ते हुकलं असणार. हुकण्याची त्यांना भीती होती. इतक्या वर्षांत मला हे कळलं नव्हतं, की हो हो हा विनोद आमचा होता, त्यांचा नव्हता. मी दिवा लावला नाही. हाताला लागली ती पिशवी उचलली आणि स्टेशनवर गेले.

गाडीत खालचे समोरासमोरचे दोन बर्थ आमचे होते. मी एकावर बसले, दुसरा रिकामा. गाडी सुटली तशी फलाटावरची माणसं मागे जाऊ लागली, मग इमारती, मग इमारतींच्या पाठी, जिथे सगळे लोक वाळत घातलेले कपडे आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात. तिकीट तपासनीस आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं घाईचं. "दुसरे प्रवासी?" मी म्हणाले, येताहेत. "कुठून? गाडी तर सुटली." पुढच्या स्टेशनला चढणार आहेत, असं मी इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच वाटलं, चढतीलही. "नाही चढले तर बर्थ मी देऊन टाकीन हं. मग भांडायचं नाही." मी मान हलवली. मग पुढच्या स्टेशनपर्यंतचा वेळ मी त्या रिकाम्या बर्थकडे बघत काढला. तिथे बाबा बसले असते तर खिडकी त्यांच्या डावीकडे आली असती आणि बोलणारं जग उजवीकडे; बर्थ त्यांनी चार्ट बघून मुद्दाम तसाच निवडला होता. प्रत्येक खोलीत शिरताना हे गणित ते आधी सोडवत आणि मग बसत, आणि आम्हाला वाटे, माणूस खुर्ची निवडायला उगाच घोळ घालतोय. हॉस्पिटलात त्यांना कुणी निवडू दिलं नव्हतं. स्ट्रेचर दारातून जसं आत आलं, तसे ते ठेवले गेले.

पुढच्या स्टेशनला एक थोराड बाई चढल्या, आणि तपासनिसाने माझ्याकडे न बघता त्यांना बाबांचा बर्थ दिला. त्या पोहणं शिकवणाऱ्या होत्या. हे त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधीच सांगितलं. "माझा आवाज मोठा वाटेल हं. तीस वर्षं तलावावर ओरडतेय. घरातही मीठ मागितलं की शेजारी आणून देतात." बाबांना हा आवाज आवडला असता. बाईंनी डब्यातून उकडलेली अंडी काढली, एक मला दिलं, माझ्या पाठपिशवीकडे पाहिलं. "कुठे दौरा?" चालायला, मी म्हणाले. "चालायला? मग गाडीत कशाला बसलात?" आणि त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की वरच्या बर्थवरून कुणीतरी हुं केलं. मीही हसले. हसताना लक्षात आलं की हा अगदी बाबांचा विनोद आहे, तो त्यांच्याच जागेवरून आलाय, आणि माझ्या हातातलं अंडं तसंच राहिलं. "एकट्याच?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही. मग म्हणाले, हो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पाण्यात कोण बुडतंय आणि कोण नुसतं हातपाय मारतंय हे बघायची सवय असलेली नजर. "खा," त्या म्हणाल्या, त्यांच्या मानाने हळू.

मी दोन डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन आईला फोन लावला. खाली जोडाचे लोखंडी तुकडे एकमेकांवर घासत होते. "आई, हॉस्पिटलात बाबांची कॉट भिंतीला कुठल्या बाजूने होती?" आई लगेच म्हणाली, "उजव्या." विचारही केला नाही तिने. मग थांबली. "आवाज कसला येतोय? कुठेयस तू?" गाडीत, मी म्हणाले. "कुठल्या गाडीत?" मी सांगितलं.  "जेवलीस का?" तिने विचारलं. हो, अंडं खाल्लं. "त्यांचा स्वेटर घेतलायस का? वर थंडी असेल." माहीत नाही, मी म्हणाले, आणि खरंच माहीत नव्हतं. बर्थवर परत येऊन पाठपिशवी उघडली तर आत स्वेटर नव्हता, झोपायची पिशवी नव्हती, पाण्याची बाटली नव्हती. पुस्तकं होती. मी अंधारात बाबांची पिशवी उचलून आणली होती, जिन्याच्या तयारीची. जाडजूड कोश, कादंबऱ्या, दोन खंडांतलं भाषेचं व्याकरण. एवढं ओझं खांद्यावर घेऊन स्टेशनभर चालले आणि मला ते जड लागलं नव्हतं. पोहण्याच्या बाईंनी एका डोळ्याने पाहिलं. "बापरे," त्या म्हणाल्या, "डोंगरावर परीक्षा आहे का?"

दिवे मालवल्यावर मी उजवा कान उशीत दाबला आणि डाव्या कानात बोट घातलं. मला ऐकायचं होतं, बाबांनी काय ऐकलं ते. आधी नुसता माझ्याच रक्ताचा आवाज, मग त्याच्या खालून गाडी. कानातून नव्हे, उशीतून, जबड्यातून, दाढांतून. चाकं, सांधा, चाकं, सांधा. गाडीचं बेअरिंग सुखी होतं. मी डोळे उघडले. पेचकस. बाबा मूठ कानात घालत नसत, कानापुढच्या हाडाला लावत. आवाज हाडातून जातो, आणि कवटीच्या हाडाला डावं-उजवं नसतं. हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं, माझ्या दातांत चमचा धरायला लावून, चमच्याला घड्याळ टेकवून. म्हणजे त्या दिवशी माझे ओठ त्यांच्या कानशिलाला लागलेले असतील, तर मी विचारलेलं हाडातून पलीकडे, उजव्या कानात पोचलं असेल. लागले होते का? मी वाकले होते. किती वाकले होते? मुखवट्याच्या पट्टीचा रबरी वास आठवला. वास येण्याइतकी जवळ होते. मग वरच्या ओठाला पट्टीची कड लागल्याचंही आठवलं, खरखरीत, किंचित ओली. लगेच कळलं की ही आठवण मी आत्ता, या क्षणी, तयार केली. पुन्हा काढून पाहिली. आणखी खरी झाली. आणखी एकदा काढली असती तर मी तिच्यावर शपथ घेतली असती. रात्रभर मी कॉटशी वाकत राहिले, कधी ओठ टेकत, कधी चार बोटं अलीकडे थांबत, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर, तेवढंच स्वच्छ. शिवाय हाडातून पोचलं असतं तर ते हं म्हणाले असते ना, एकदाच? की मुखवट्यात एका हंला जागा नसते? जी बाई दुसऱ्याचा खाल्लेला र काचेपलीकडून पकडते तिला समोरचं हो हो ऐकूच आलं नाही, असं कसं होईल? ऐकू आलं होतं. मग मी सांगा बघू का नाही म्हणाले? बाबा चहा म्हणतील, या भीतीने? समोर बाई झोपेतसुद्धा मोठ्याने श्वास घेत होत्या, बाबांच्या बर्थवर, बाबांच्या वाट्याची हवा. मला त्यांना हलवून उठवावंसं वाटलं आणि म्हणावंसं वाटलं, पाण्याखालच्या माणसाला तुम्ही काय विचारता? आणि त्याने मान हलवली तर ती कशी वाचता?

सकाळी गाडी रिकामी होत होत शेवटच्या स्टेशनवर पोचली. पोहण्याच्या बाई आधीच कुठेतरी उतरून गेल्या होत्या. माझ्या उशाशी पाण्याची भरलेली बाटली ठेवून. पुढे रूळ नव्हते, मातीचा एक ढिगारा आणि लोखंडी अडसर. फलाटाच्या टोकाला लाकडी फाटक, एका वेळी एकच माणूस जाईल असं, आणि फाटकापलीकडे वाट. मला ती रुंद असेल असं वाटत होतं. ती जेमतेम पावलाएवढी होती. दोन्ही बाजूंनी गवत, वर चढ, आणि चढावर धुकं. तिच्यावर कुणाच्या उजवीकडून चालताच आलं नसतं. पुढे तरी चालावं लागलं असतं नाहीतर मागे, आणि दोन्हीकडून बाबांना धड काही ऐकू गेलं नसतं. महिनाभर. हे गणित त्यांनी नक्की सोडवलेलं असणार. इंजिन नाही म्हणून नव्हे, बोलणं नाही म्हणून त्यांना ही वाट हवी होती का, जिथे काहीच हुकणार नाही अशी? हेही विचारायचं राहिलं. मी पुस्तकांची पिशवी पाठीवर चढवली. आता ती जड लागली, इतकी की गुडघे वाकले. फाटकापलीकडे काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. झोपायला काही नाही, अंगावर घालायला काही नाही, खायला काही नाही. आणि हे सगळं नाही हेच मला बरं वाटत होतं, हे मी त्या क्षणी स्वतःपाशी कबूल केलं. चढ चढत जायचं आणि धुक्यात शिरायचं, त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं.

फोन वाजला. आई. मी उचलला आणि नेमकं तेव्हाच इंजिन गाडीपासून सुटून शेजारच्या रुळावरून मागे जाऊ लागलं, दुसऱ्या टोकाला लागायला. सगळा फलाट थरथरत होता. आई बोलत होती. बराच वेळ बोलत होती, मधे थांबत, पुन्हा सुरू करत. मला नुसता तिच्या आवाजाचा आकार कळत होता, शब्द नाही. वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला, म्हणजे तिने काहीतरी विचारलं होतं. "हो हो," मी म्हणाले.

तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. तीच लय, पहिला हो थोडा लांब, दुसरा त्याला सावरून घेणारा. आई होती म्हणून म्हणाले. तिने काय विचारलं ते कळायची गरजही वाटली नव्हती. इंजिन पुढे गेलं.  मग आई तिच्या जुन्या आवाजात, कमरेवर हात ठेवल्यासारखी, म्हणाली, "सांग बघू, काय म्हटलं मी?"

"चहा," मी म्हणाले.

तिकडून हसू यावं तसं काहीतरी आलं आणि मधेच मोडलं. मग आई मोठ्याने बोलायला लागली, एकेक शब्द वेगळा, बाबांशी बोलायची तशी. "मी म्हटलं, मला तेव्हाच दिसलं होतं. तू चुकीच्या बाजूला बसली होतीस. मी पायाशी होते. हो हो म्हणाले ते मीही ऐकलं. मी तुला म्हणू शकले असते, ऊठ, डोक्याशी जाऊन भिंतीकडच्या कानात विचार. नाही म्हणाले. का नाही म्हणाले ते मला विचारू नकोस, मला माहीत नाही. तळवे गार लागत होते." ती श्वास घ्यायला थांबली. "हे एक. आणि दुसरं विचारलं, परत येणार आहेस ना? त्याला तू हो हो म्हणालीस. ते मी धरत नाही. आता ऐकू येतंय का?"

वाऱ्याने गवत एका बाजूला झोपवलं होतं. पाठीवरची पुस्तकं मणक्यात रुतत होती. फोन मी डाव्या कानाला लावला होता. तो काढून उजव्या कानाला धरला. फाटक माझ्यापासून हातभर होतं.

"हं," मी म्हणाले. एकदाच.